शिंजीर ओळखायला मर्लिन ॲप: सातारा-सांगलीच्या रानात कितपत भरवशाचं?

आधी निकाल सांगतो. झाडीत शिंजीर (फुलांवर येणारा छोटा पक्षी, सनबर्ड) आहे का आणि कुठल्या बाजूला आहे, हे कळायला मर्लिनसारखं दुसरं साधन आज फुकटात मिळत नाही. पण तो कुठला शिंजीर, हे ठरवायचं काम अजूनही डोळ्यांनीच करावं लागतं. ॲपने दाखवलेलं नाव बघून लगेच यादीत टिक मारणाऱ्यांच्या नोंदी सर्वांत जास्त याच कुटुंबात चुकतात. चुका कुठे होतात आणि का होतात, ते कळलं की ॲपचा उपयोग कितीतरी वाढतो.

मर्लिन हे अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिशास्त्र प्रयोगशाळेचं ॲप. २०१४ मध्ये आलं, आणि आवाजावरून पक्षी ओळखायची सोय त्यात २०२१ मध्ये आली. पैसे लागत नाहीत, जाहिराती नाहीत. पक्षी ओळखायचे तीन रस्ते आहेत: प्रश्नांची उत्तरं देऊन, फोटोवरून आणि आवाजावरून. फोनवर आपल्या भागाचा पॅक, म्हणजे तिथल्या पक्ष्यांच्या माहितीचा संच, आधी उतरवून घ्यावा लागतो. तो काहीशे एमबीचा असतो, त्यामुळे हे काम घरच्या वायफायवरच करावं. बामणोलीला किंवा कोयनेच्या आत गेल्यावर पॅक उतरवायला घेतला तर सकाळ त्यातच जाईल. पॅक एकदा फोनमध्ये आला की आवाज ओळखायला रेंज लागत नाही. घाटातल्या माणसाला ही गोष्ट फार मोलाची आहे.

आता शिंजिरांबद्दल. हे कुटुंब आफ्रिकेपासून भारत, आग्नेय आशिया ते ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकापर्यंत पसरलेलं आहे आणि त्यात सुमारे १४५ जाती आहेत. आपल्याकडे फुलाशी भिरभिरणारा छोटा पक्षी दिसला की ‘हमिंगबर्ड दिसला’ म्हणून फोटो फिरतात. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांतच असतात. मर्लिनला तुम्ही ठिकाण बरोबर दिलं असेल तर हा घोटाळा तो करत नाही, कारण ठिकाण आणि तारीख धरूनच तो संभाव्य पक्ष्यांची यादी बांधतो. लोकेशनची परवानगी नाकारली तर मात्र हा आधार जातो. ॲप टाकल्यावर पहिली परवानगी माइकची द्या आणि दुसरी लोकेशनची.

सातारा-सांगलीत लक्षात ठेवायचे शिंजीर पाच. परसात, शाळेच्या आवारात, जास्वंदीवर सर्रास दिसणारा जांभळ्या पाठीचा शिंजीर, ॲपमध्ये पर्पल-रम्प्ड सनबर्ड. उघड्या माळावर, बाभळीवर आणि बागांतही असणारा जांभळा शिंजीर, पर्पल सनबर्ड. लांब वाकड्या चोचीचा लोटेनचा शिंजीर. घाटाच्या दाट झाडीत राहणारा, जेमतेम आठ सेंटीमीटरचा किरमिजी पाठीचा शिंजीर, क्रिमझन-बॅक्ड सनबर्ड. हा पश्चिम घाटाबाहेर सापडत नाही. आणि पाचवा सह्याद्रीचा शिंजीर, विगर्स सनबर्ड. याची छाती तांबडी भडक आणि तिच्यावर पिवळ्या बारीक रेघा. कर्नल साइक्स यांनी १८३२ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद केली. नंतर बराच काळ त्याला आशियातल्या लाल शिंजिराची उपजात मानलं जाई, आता ती वेगळी जात धरतात. पश्चिम घाटाचा उत्तरेकडचा पट्टा हेच त्याचं घर, आणि महाबळेश्वर ही त्याला बघायची हक्काची जागा.

आवाजाने ओळखण्याची पद्धत वापरायला सोपी, पण नीट वापरणारे थोडेच. चालता चालता रेकॉर्डिंग सुरू करू नका. पाचोळ्यावरचं पाऊल, पिशवीची चेन, बाटलीतलं पाणी हे सगळं माइकला पक्ष्यापेक्षा जवळ असतं. उभं राहा, फोन विमान मोडवर टाका म्हणजे मधेच फोन वाजणार नाही. बहुतेक फोनांत जीपीएस तेव्हाही चालू राहतं. मुख्य माइक साधारणपणे फोनच्या खालच्या कडेला असतो, ती कड आवाजाच्या दिशेला करा. तिथे बोट किंवा जाड कव्हर आडवं येतंय का बघा. मग निदान एक मिनिट तरी थांबा. पडद्यावर आवाजाचा आलेख सरकत राहतो, खाली नावं येत जातात, आणि तोच पक्षी पुन्हा बोलला की त्याचं नाव उजळतं. सगळी किल्ली या उजळण्यात आहे. नाव उजळलं त्याच क्षणी कान लावून ऐका आणि नजर त्या फांदीवर न्या. शिंजीर एका फुलावर फार वेळ टिकत नाही, त्यामुळे रेकॉर्डिंग संपवून मग शोधायला गेलं की फांदी रिकामीच सापडते.

फोनला ब्लूटूथचे इअरबड जोडलेले असतील तर आधी काढा. काही फोन अशा वेळी माइकही इअरबडचाच घेतात. तो माइक माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेला असतो आणि वरच्या पट्टीतला आवाज कापून टाकतो. शिंजिराची ‘चिप’, ‘त्सी’, ‘चिविट’ ही सगळी बोली वरच्या पट्टीतलीच, साधारण चार किलोहर्ट्झच्या वरची. बाकीचे पक्षी येतात पण छोटे पक्षी येतच नाहीत, ही तक्रार असेल तर पहिल्यांदा हे तपासावं.

दुसरं कारण अंतराचं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने घटतो, आणि पानांच्या गर्दीत बारीक, चढे आवाज त्याहून लवकर विरतात. बुलबुल किंवा तांबट लांबून सहज पकडला जातो. फुलटोच्या (फ्लॉवरपेकर हा छोटा पक्षी) आणि शिंजीर यांना जवळूनच गाठावं लागतं.

वारा ही साताऱ्याची खास अडचण आहे. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. तिथे माइकवर वाऱ्याचा घरघराट बसतो आणि आलेखाचा खालचा पट्टा सबंध करडा होतो. वाऱ्याकडे पाठ करून फोन छातीजवळ धरला की बराच फरक पडतो. माइकवर रुमाल धरू नका. जाड कापड वाऱ्याबरोबर बारीक आवाजही खातं, पातळ स्पंजचा तुकडा त्यापेक्षा बरा. ओढ्याकाठी, धबधब्याजवळ तर सगळ्या पट्ट्यांत एकसारखा गोंगाट असतो, तिथे ॲपकडून अपेक्षाच ठेवू नये. मेमध्ये घाटात किरकिरे सुरू झाले की तीच गत, कारण त्यांची किरकिर नेमकी शिंजिराच्या पट्टीत शिरते. पावसाळ्याबद्दल वेगळं सांगायला नको. जिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो त्या महाबळेश्वरात जुलैमध्ये माइकला पानांवरचा पाऊसच ऐकू येणार.

म्हणून या कुटुंबासाठी ॲप वापरायचा खरा हंगाम जानेवारी ते एप्रिल, आणि वेळ उजाडल्यापासून नऊपर्यंत. तेव्हा वारा पडलेला असतो आणि फुलं भरात असतात. धायटीची लाल झुडपं, पांगारा, काटेसावर, पळस, आणि आंब्याच्या झाडांवर माजलेली बांडगुळं. बांडगुळाकडे आपण झाड खाणारी पीडा म्हणून बघतो, पण त्याच्या लांब नळीच्या फुलांवर शिंजीर आणि फळांवर फुलटोच्या हमखास येतात. चिकट बी चोच किंवा बूड फांदीला घासून काढताना फुलटोच्याच त्याची लागवड करतो. फुललेल्या बांडगुळाखाली फोन धरून उभं राहणं हे मर्लिनची चाचणी घ्यायला सगळ्यात चांगलं. तिथे एकाच मिनिटात दोन कुटुंबं बोलतात, आणि ॲप कुठे अडखळतं ते समोर दिसतं.

अडखळतं ते असं. फुलटोच्याची उडता उडता केलेली ‘चिक चिक’ आणि शिंजिराची तुटक हाक यांत गल्लत होते. गल्लत झाली तर चोच बघा: फुलटोच्याची आखूड आणि जवळजवळ सरळ, शिंजिराची बारीक व खाली वाकलेली. जांभळा आणि लोटेनचा हे दोघे जवळचे नातेवाईक. पूर्ण गाणं मिळालं तर ॲप त्यांना बऱ्यापैकी वेगळं काढतं, नुसती एकेरी हाक मिळाली तर नाव कधी इकडे कधी तिकडे जातं. एकाच रेकॉर्डिंगमध्ये दोन्ही नावं आली म्हणजे दोन्ही पक्षी होते असं अजिबात धरू नका. लोटेनची चोच बघितली की शंका राहत नाही. ती जांभळ्यापेक्षा ठसठशीत लांब आणि जास्त वाकडी असते, आणि नराच्या छातीवर तपकिरी-लाल पट्टा असतो.

त्याहून मोठा फसवा पर्णपक्षी, ज्याला काही जण हरेवा म्हणतात. तो हिरव्या पानांत हिरवा होऊन बसतो आणि इतर पक्ष्यांच्या आवाजांची एकामागून एक नक्कल करतो. पल्लवपुच्छ कोतवालही त्याच वाटेचा. एकाच झाडातून, एकाच उंचीवरून, दहाबारा सेकंदांत चारपाच जातींची नावं ॲपने ओळीने दाखवली तर समजा की वर बसलेला एकच आहे. ॲप खोटं बोलत नसतं, त्याच्या कानावर तसाच आवाज पडलेला असतो.

मर्लिन नावापुढे खात्रीची टक्केवारी दाखवत नाही, आणि ही त्याची सर्वांत मोठी उणीव आम्हाला वाटते. एकदा पुसटसा ऐकलेला पक्षी आणि वीसदा स्पष्ट ऐकलेला पक्षी यादीत एकाच तोलाने बसतात. त्या भागात, त्या महिन्यात दुर्मीळ असलेल्या पक्ष्यापुढे लाल ठिपका येतो, तेवढी एक सूचना मिळते. लाल ठिपका दिसला की आनंदाच्या आधी शंका यावी. शिवाय ज्या जातींची ध्वनिमुद्रणं पुरेशी जमलेली नाहीत त्यांचे आवाज ॲपला शिकवताच येत नाहीत. थोड्या भागापुरत्या मर्यादित असलेल्या जातींना ही अडचण जास्त येते. त्यामुळे किरमिजी पाठीचा किंवा सह्याद्रीचा शिंजीर यादीत आला नाही म्हणून तो तिथे नव्हताच, असा निष्कर्ष काढू नये.

याच कारणासाठी रेकॉर्डिंग पुसू नका. ते फोनमध्येच राहतं, त्याला ठिकाणाचं नाव देता येतं, नको तो भाग कापता येतो, आणि फाइल बाहेर काढून ई-बर्ड या पक्षी-नोंदींच्या संकेतस्थळावरच्या आपल्या यादीला जोडता येते. फाइल वेव्ह प्रकारातली असल्याने जड असते, फोनमध्ये जागा ठेवून जा. तुमचं बोलणंही त्यात भरलेलं असतं, दुसऱ्याला पाठवण्याआधी ऐकून घ्या. दुसरं मत हवं असेल तर बर्डनेट हे कॉर्नेल आणि जर्मनीतल्या केमनिट्झच्या तंत्रविद्यापीठाचं ॲप आहे. त्यात आलेखाचा हवा तेवढाच तुकडा निवडता येतो आणि ते खात्रीची पातळी शब्दांत सांगतं. पण त्याच्या साध्या फोन-ॲपला नेट लागतं, म्हणजे ते घरी आल्यावर.

फोटोवरून ओळखण्याचं काम नराच्या बाबतीत चांगलं होतं, मादीच्या बाबतीत मध्यम, आणि सप्टेंबर ते डिसेंबरात जांभळ्या शिंजिराच्या नराबाबत डळमळीत. वीण संपल्यावर हा नर काळा-निळा झगा उतरवतो आणि मादीसारखा पिवळट होतो. फक्त गळ्यापासून पोटाकडे एक काळी रेघ उरते. ती रेघ फोटोत आली नाही तर ॲप मादी समजतं किंवा भलत्याच जातीकडे जातं. जांभळ्या पाठीच्या नराचा पोशाख असा बदलत नाही, हे लक्षात ठेवलं की पावसाळ्यानंतरचे निम्मे घोळ सुटतात.

रंगाचा दुसरा घोळ उजेडाचा. शिंजिराचा चमकता हिरवा-जांभळा हा रंगद्रव्याने थेट दिलेला रंग नाही. पिसांच्या सूक्ष्म थरांवरून प्रकाश परततो त्यातून तो उमटतो, म्हणून कोन बदलला की रंग विझतो. सूर्य पक्ष्याच्या मागे असेल तर पाचही नर काळेच दिसतील, फोटोतही आणि डोळ्यालाही. सूर्य आपल्या पाठीशी येईल अशी जागा घ्या. ते शक्य नसेल तर जे रंग कोनावर अवलंबून नाहीत ते बघा. पोट पिवळं का, काळं का, मळकट तपकिरी का? जांभळ्या पाठीच्या नराचं पोट पिवळं, जांभळ्याचं काळसर, लोटेनचं तपकिरी. मादीतही असंच: जांभळ्या पाठीच्या मादीचा गळा पांढुरका आणि पोट पिवळं, किरमिजी पाठीच्या मादीच्या कमरेवर लाल डाग. हा लाल डाग दिसला की काम झालं. सह्याद्रीच्या शिंजिराची मादी फिकट, करडी-हिरवट, कुठलीही खूण न दाखवणारी. तिच्याजवळ नर येईपर्यंत थांबलेलं बरं.

फोटो ॲपमध्ये टाकताना दोन बोटांनी ताणून पक्षी चौकटीत पूर्ण भरा. चौकटीत पान आणि फूल जास्त, पक्षी कमी, असा फोटो दिला तर उत्तरही तसंच येतं. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्याचा मोबाइलने काढलेला फोटोही चालतो, फक्त त्यावर आकाशाचं प्रतिबिंब नको. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोत तारीख-ठिकाण उरलेलं नसतं, ते हाताने भरा. नाहीतर शिराळ्यातल्या फोटोला ॲप तुमच्या आत्ताच्या गावची यादी लावून मोकळं होईल.

प्रश्नोत्तरांचा रस्ता आता फारसं कोणी वापरत नाही, आणि आम्हाला याचं वाईट वाटतं. कुठे, कधी, आकार केवढा, मुख्य रंग कोणते, काय करत होता, एवढंच विचारतात. रंग जास्तीत जास्त तीन निवडता येतात. शिंजिरासाठी चमक विसरून पोटाचा रंग आधी निवडा, आकार चिमणीएवढा किंवा लहान, आणि जागा झाडाझुडपात. नवशिक्याने हाच रस्ता आधी चार महिने वापरावा. पक्ष्याकडे काय बघायचं याची सवय यानेच लागते, नुसतं रेकॉर्डिंगचं बटण दाबून लागत नाही.

एका बाबतीत मात्र मर्लिनला तोड नाही. वय वाढत जातं तसे वरच्या पट्टीतले आवाज कानाला येईनासे होतात. साठीच्या पुढच्या कित्येक जुन्या पक्षीनिरीक्षकांना फुलटोच्या किंवा शिंजिराची बारीक हाक ऐकूच येत नाही, आणि ती येत नाही हेही कळत नाही. अशांच्या हातात हे ॲप दिलं की आलेखावर वरच्या बाजूला रेघा उमटताना दिसतात. हाक कानाला न येताही नजर बरोबर फांदीवर जाते. रोज अजिंक्यताऱ्यावर किंवा दंडोबाच्या डोंगरावर फिरायला जाणाऱ्या ज्येष्ठांच्या फोनमध्ये आम्ही हे आवर्जून टाकून देतो.

एक गोष्ट कळकळीने. ॲपमध्ये प्रत्येक पक्ष्याचा नमुना आवाज ऐकायला मिळतो. तो जुळवून बघायला कानाशी धरून, अगदी बारीक ऐका. स्पीकरवर मोठ्याने लावून पक्षी बोलावू नका. वीण चालू असताना नराला वाटतं की हद्दीत दुसरा नर आला. तो फुलं सोडून, घरट्याजवळची पाळत सोडून तुमच्या फोनशी भांडत बसतो. विगर्स शिंजिराच्या एका ठरलेल्या झाडाखाली सुट्टीच्या दिवशी दहा जणांनी दहा वेळा आवाज लावला तर त्या जोडीचं काय होत असेल? कोयना आणि चांदोली मिळून २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे, तिथे तर हे मुळीच चालू नये.

गुण द्यायचे तर आवाजाला पाचपैकी चार, फोटोला तीन, प्रश्नोत्तरांना चार. सांगलीच्या सपाटीवर, सागरेश्वरला, गावातल्या बागेत, जिथे दोनतीनच शिंजीर अपेक्षित आहेत तिथे आवाजावर बऱ्यापैकी विसंबता येतं. महाबळेश्वर, बामणोली, कोयना, चांदोली या पट्ट्यात पाचही जाती एकत्र येण्याची शक्यता असते, तिथे ॲपबरोबर गळ्यात दुर्बीण हवीच. ८×४२ ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) पुरते. १०× मध्ये दृश्य अरुंद होतं आणि हात हलला की पक्षी चौकटीबाहेर जातो. ई-बर्डवर नोंद करताना नुसतं ॲपने सांगितलेलं नाव टाकू नका. स्वतः ऐकून किंवा पाहून पटलं असेल तरच जातीचं नाव लिहा, नाहीतर ‘सनबर्ड’ एवढ्यावर थांबण्याचीही सोय तिथे आहे.